एकाच संगणकावर एकसारखे अनेक मिडी कंट्रोलर कसे वापरावेत

संगीताच्या सॉफ्टवेअरमधले सोळा किंवा चोवीस ट्रॅक आठ फेडरच्या (सरकवण्याच्या दांड्यांच्या) मिडी कंट्रोलरवर हाताळायचे म्हटले की सतत बँक, म्हणजे एका वेळी हाताखाली असलेला आठ ट्रॅकचा गट, बदलत राहावे लागते. अशा वेळी त्याच नमुन्याचा आणखी एक कंट्रोलर घेऊन शेजारी ठेवणे हा उत्तम उपाय आहे, कारण हाताला सरावाची झालेली मांडणी तशीच राहते आणि नव्याने काही शिकावे लागत नाही. अडचणी सुरू होतात त्या दोन्ही कंट्रोलर जोडल्यावर. यादीत दोघांची नावे सारखीच दिसतात, डावीकडचा फेडर हलवला की उजवीकडच्या फेडरला नेमून दिलेला ट्रॅकही हलतो, आणि आज नीट लावलेली जोडणी उद्या संगणक सुरू केल्यावर उलटी झालेली असते. या तीन तक्रारी एकत्रच येत असल्या तरी त्यांची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून आधी ती कारणे समजून घेणे आणि मगच सेटिंगला हात लावणे हिताचे ठरते.

ओळख नेमकी कशावरून पटते

मिडीचे, म्हणजे वाद्ये, कंट्रोलर आणि संगणक यांनी आपसांत संदेश पाठवण्याच्या पद्धतीचे, मूळ स्वरूप १९८३ साली ठरले. त्यातील संदेशात कोणत्या चॅनलवर (संदेशासोबत जाणाऱ्या वाटेच्या क्रमांकावर), कोणत्या क्रमांकाचा कंट्रोल, किती किमतीला आणला गेला एवढीच माहिती असते. तो संदेश कोणत्या उपकरणाने पाठवला याचा उल्लेख त्यात नसतो. एका केबलमधून एकाच उपकरणाचे संदेश येत असत त्या काळात याची उणीव भासण्याचे कारणही नव्हते. आज मात्र एकाच नमुन्याचे दोन कंट्रोलर कारखान्यातून अगदी सारख्या सेटिंगने बाहेर पडतात, आणि त्यामुळे अगदी सारखेच संदेश पाठवतात.

कोर्ग नॅनोकंट्रोल २ हे उदाहरण जवळून पाहू. त्याच्या मूळच्या कंट्रोल चेंज मोडमध्ये आठ स्लायडरना ० ते ७, आठ नॉबना १६ ते २३ आणि खालच्या बटनांना ३२, ४८ व ६४ पासून पुढचे क्रमांक दिलेले असतात. चॅनल १ वर असताना पहिला स्लायडर मध्यावर आणला की १७६, ०, ६४ असे तीन आकडे बाहेर पडतात: १७६ म्हणजे चॅनल १ वरचा कंट्रोल चेंज, ० म्हणजे स्लायडरचा क्रमांक आणि ६४ म्हणजे त्याची जागा. शेजारच्या दुसऱ्या कंट्रोलरचा पहिला स्लायडर मध्यावर आणला तरी हेच तीन आकडे येतात. मात्र दुसरा कंट्रोलर चॅनल २ वर नेला की त्याचा पहिला आकडा १७७ होतो, आणि तो संदेश कोणत्याही मार्गाने आला, कोणत्याही नावाच्या पोर्टवरून (सॉफ्टवेअरला दिसणाऱ्या संदेशांच्या दारातून) आला, तरी वेगळा ओळखता येतो.

यूएसबीच्या पातळीवर ओळखीची पद्धत निराळी आहे. जोडलेले प्रत्येक उपकरण संगणकाला उत्पादकाचा क्रमांक आणि उत्पादनाचा क्रमांक सांगते, आणि हे दोन्ही क्रमांक एका नमुन्याच्या सर्व नगांसाठी सारखेच असतात. नगानुसार बदलणारा अनुक्रमांकही सांगण्याची सोय यूएसबीत आहे, पण तो सक्तीचा नाही, आणि बरेच कंट्रोलर तो सांगत नाहीत. अनुक्रमांक मिळाला तर संगणक तो नग कोणत्याही सॉकेटमध्ये ओळखतो. मिळाला नाही तर नग कोणत्या सॉकेटमध्ये लावला आहे एवढाच आधार उरतो. नावे उलटसुलट होण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

म्हणजे कंट्रोलर वेगळा ओळखण्याच्या तीन जागा झाल्या: संदेशातला चॅनल, सॉफ्टवेअरला दिसणारे पोर्टचे नाव आणि प्रत्यक्ष सॉकेट. यांपैकी चॅनल सर्वांत भरवशाचा, कारण तो कंट्रोलरच्या आत साठवलेला असतो आणि संगणक बदलला तरी बदलत नाही. चॅनल बदलणे शक्य असेल तर आधी तेच करावे. नावांच्या आणि सॉकेटच्या मागे त्यानंतरच लागावे.

पहिले काम: एकेकाला वेगळे करणे

सगळे कंट्रोलर एकदम जोडून सेटिंग करायला बसू नये. उत्पादकांच्या एडिटर सॉफ्टवेअरला (कंट्रोलरची सेटिंग बदलणाऱ्या कार्यक्रमाला) दोन सारखे नग दिसले की ते कोणत्या नगावर लिहीत आहे हे खात्रीने सांगता येत नाही. आधी प्रत्येक कंट्रोलरला डावा, मधला, उजवा असे नाव ठरवून त्याच्या मागच्या बाजूला चिठ्ठी चिकटवावी, आणि तेच नाव त्याच्या केबलच्या संगणकाकडच्या टोकालाही लावावे. केबलच्या टोकाची चिठ्ठी अनेक जण टाळतात, पण टेबलाखाली हात घालून केबल काढण्याची वेळ येते तेव्हा उपयोगी पडते ती हीच.

त्यानंतर फक्त एक कंट्रोलर जोडावा, एडिटर उघडावा आणि चॅनल ठरवून द्यावा. डाव्याला १, मधल्याला २, उजव्याला ३ असा जागेप्रमाणे क्रम ठेवला की तो लक्षात राहतो. नॅनोकंट्रोल २ साठी हे काम कोर्ग कंट्रोल एडिटरमध्ये होते. तिथे ग्लोबल मिडी चॅनल बदलल्यावर ते सेटिंग उपकरणात लिहिण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते, नुसते पडद्यावर बदलून भागत नाही. एखाद्या बटनाला किंवा गटाला स्वतःचा चॅनल दिलेला असेल तर तो ग्लोबल चॅनलच्या मागे जात नाही, म्हणून प्रत्येक गटाची नोंद तपासावी. लिहून झाल्यावर सेटिंगची फाईल कंट्रोलरच्या नावाने जतन करावी, केबल काढून पुन्हा जोडावी आणि नवा चॅनल खरोखर टिकला आहे का ते पाहावे.

हे पाहण्यासाठी मिडी मॉनिटर लागतो. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर आणि लिनक्सवर एसेकडंप हे कार्यक्रम येणारा प्रत्येक संदेश ओळीने दाखवतात. मॉनिटरशिवाय ही जोडणी करणे म्हणजे अंदाजाने काम करणे आहे, आणि त्यात वेळ फार जातो.

काही कंट्रोलरमध्ये चॅनल बदलता येत नाही, पण कंट्रोलचे क्रमांक बदलता येतात. तेवढ्यानेही काम होते. फक्त १२० ते १२७ हे क्रमांक मिडीने चॅनल मोडच्या संदेशांसाठी राखून ठेवलेले आहेत, ते वापरू नयेत. आणि १ म्हणजे मॉड्युलेशन, ७ म्हणजे व्हॉल्यूम, ६४ म्हणजे सस्टेन पेडल हे संकेत ध्यानात ठेवावेत. वरच्या उदाहरणात पाहिले तर नॅनोकंट्रोल २ चा दुसरा स्लायडर मूळ सेटिंगमध्ये १ हा क्रमांक पाठवतो आणि पहिल्या गटाचे रेकॉर्ड बटन ६४ पाठवते. एखादा वाद्याचा ट्रॅक सर्व मिडी इनपुट ऐकत असेल, तर रेकॉर्डचे बटन दाबताच त्या वाद्याचे स्वर लांबत राहतात आणि दोष कुठे आहे ते लवकर उमगत नाही. दोन कंट्रोलर असले की ही शक्यता दुप्पट होते, त्यामुळे वाद्याच्या ट्रॅकला कीबोर्डचाच पोर्ट नेमून द्यावा, ‘सर्व इनपुट’ हा पर्याय ठेवू नये.

नोव्हेशनच्या लाँचपॅड मालिकेतील अनेक नमुन्यांत आणखी एक सोय आहे. त्यांच्या बूटलोडरमध्ये (उपकरण सुरू करणाऱ्या मूळ कार्यक्रमात) उपकरणाला १ ते १६ यांपैकी एक डिव्हाइस आयडी देता येतो. दोन लाँचपॅड शेजारी लावणार असाल तर चॅनलच्या आधी हा आयडी बदलून पाहावा. इतर उत्पादकांच्या माहितीपुस्तिकेतही अशी सोय शोधावी.

चॅनल बदलता येत नसेल तेव्हा

मॅकी कंट्रोल पद्धतीवर (संगीताच्या सॉफ्टवेअरचा मिक्सर चालवण्याच्या एका ठरलेल्या संकेतावर) चालणाऱ्या कंट्रोलरच्या बाबतीत चॅनलचा उपाय मुळीच चालत नाही. या पद्धतीत आठ फेडर हे आठ वेगवेगळ्या चॅनलवरील पिच बेंडचे (मूळचे स्वर चढवण्या-उतरवण्यासाठीचे) संदेश असतात, पहिला फेडर चॅनल १ वर, दुसरा २ वर, आणि मास्टर फेडर ९ वर. चॅनलचे काम इथे आधीच ठरलेले असल्याने तो बदलला की फेडरचीच अदलाबदल होते. अशा वेळी दोन नगांना वेगळे करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पोर्ट. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मुख्य कंट्रोलर आणि बाकीचे एक्स्टेंडर, म्हणजे त्याला जोड देणारे नग, अशी नोंद करून प्रत्येकाला स्वतःचा इनपुट आणि स्वतःचा आउटपुट नेमून द्यावा लागतो. पहिले आठ ट्रॅक उजव्या नगावर आणि पुढचे आठ डाव्या नगावर दिसू लागले, तर दोन नोंदींमधले पोर्ट आपसांत बदलावेत. कंट्रोलरच्या सेटिंगला हात लावण्याची गरज नसते. मोटरचे फेडर असतील तर इनपुट आणि आउटपुट एकाच नगाचे आहेत याची खात्री आधी करावी, नाहीतर डाव्या नगाचा फेडर हलवला की उजव्या नगाचा फेडर धावतो.

पोर्टवर अवलंबून राहायचे तर नावे आणि सॉकेट यांची शिस्त पाळावीच लागते, आणि ती प्रत्येक कार्यप्रणालीत वेगळी असते.

विंडोजमध्ये एकाच नमुन्याचा दुसरा नग जोडला की त्याच्या नावाआधी बहुधा ‘२-’ असा आकडा लागतो, तिसऱ्याला ‘३-’ लागतो. ‘मिडीइन२’ या शब्दाने सुरू होणारे नाव मात्र दुसऱ्या नगाचे नसून त्याच नगाच्या दुसऱ्या पोर्टचे असते. या दोहोंची गल्लत फार वेळा होते. अनुक्रमांक नसलेला नग वेगळ्या सॉकेटमध्ये लावला की विंडोज त्याला नवे उपकरण समजते आणि आकडा वाढत जातो. जुन्या नोंदी साचल्या असतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडावा आणि फिकट दिसणाऱ्या नोंदी काढून टाकाव्यात. त्यानंतर ठरलेल्या क्रमाने, एक नग पूर्ण ओळखला गेल्यावरच पुढचा, असे नग जोडावेत आणि पुढे त्यांचे सॉकेट बदलू नयेत.

मॅकवर हे काम सोपे आहे. ऑडिओ मिडी सेटअपमध्ये मिडी स्टुडिओची खिडकी उघडली की प्रत्येक उपकरणाचे चित्र दिसते, आणि चित्रावर दोनदा क्लिक करून त्याचे नाव बदलता येते. दोन्ही नग एकदम जोडलेले असताना कोणते चित्र कोणाचे हे कळत नाही, म्हणून एक जोडून त्याला नाव द्यावे, मग दुसरा जोडावा. सॉफ्टवेअर आधीपासून उघडे असेल तर ते बंद करून पुन्हा उघडावे, म्हणजे नवी नावे दिसतात.

लिनक्सवर अ‍ॅल्सा (लिनक्सची ध्वनी आणि मिडी व्यवस्था) प्रत्येक कार्डाला, म्हणजे जोडलेल्या उपकरणाला, एक आयडी देते आणि दुसऱ्या सारख्या नगाच्या आयडीला ‘_१’ असे शेपूट जोडते. कोणाला शेपूट लागेल हे कोण आधी ओळखला गेला यावर ठरते. उत्पादक आणि उत्पादन क्रमांकावर आधारलेला नियम इथे निरुपयोगी आहे, कारण ते दोघांचे सारखेच आहेत; यूडेव्हमध्ये (उपकरणे ओळखून त्यांना नावे देणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेत) यूएसबीच्या मार्गावर, म्हणजे कोणत्या बसच्या कोणत्या सॉकेटमध्ये नग आहे यावर, नियम लिहावा आणि प्रत्येकाला स्वतःचा आयडी द्यावा. एकदा हे केले की लिनक्सवरची जोडणी पक्की राहते.

सॉफ्टवेअर पोर्ट बघते की चॅनल

इथे प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत निराळी आहे आणि ती माहीत नसेल तर बरोबर केलेली जोडणीही चुकीची वाटू लागते. एबलटन लाइव्हमध्ये कंट्रोल सरफेसच्या यादीत प्रत्येक नगाला वेगळा इनपुट व आउटपुट देता येतो, पण तुम्ही हाताने केलेले मिडी मॅपिंग (कोणता फेडर काय हलवेल याची नेमणूक) चॅनल आणि क्रमांक एवढेच पाहते; संदेश कोणत्या पोर्टवरून आला याचा विचार तिथे होत नाही. त्यामुळे लाइव्हमध्ये सारखे कंट्रोलर मॅप करणाऱ्याला चॅनल वेगळे करण्यावाचून गत्यंतर नाही. क्यूबेसमध्ये मिडी पोर्ट सेटअपच्या पानावर प्रत्येक पोर्टला आपले नाव देता येते, आणि ‘सर्व मिडी इनपुट’मध्ये तो धरायचा की नाही हेही तिथेच ठरवता येते, कंट्रोलरचे पोर्ट त्यातून वगळणे चांगले. रीपरमध्येही पोर्टला पर्यायी नाव देण्याची सोय आहे आणि ट्रॅकच्या इनपुटला पोर्ट व चॅनल दोन्ही निवडता येतात. दुसरे कोणते सॉफ्टवेअर वापरत असाल तर एक साधी चाचणी करावी: दोन्ही नग एकाच चॅनलवर ठेवून एका नगाचा फेडर मॅप करावा आणि दुसऱ्या नगाचा तोच फेडर हलवून पाहावा. ट्रॅक हलला तर ते सॉफ्टवेअर पोर्ट पाहत नाही.

मध्ये भाषांतर करणारा कार्यक्रम

कंट्रोलरचा चॅनल बदलता येत नाही आणि सॉफ्टवेअर पोर्ट पाहत नाही, अशी दुहेरी कोंडी झाली तर दोघांच्या मध्ये एक कार्यक्रम बसवावा लागतो. तो दोन्ही नगांचे पोर्ट उघडतो, दुसऱ्या नगाच्या प्रत्येक संदेशाचा चॅनल बदलतो आणि सगळे संदेश एका आभासी पोर्टवर, म्हणजे फक्त सॉफ्टवेअरमध्येच असलेल्या पोर्टवर, पाठवतो. संगीताचे सॉफ्टवेअर फक्त तो आभासी पोर्ट ऐकते. आभासी पोर्टसाठी मॅकमध्ये आयएसी ड्रायव्हर आधीपासूनच असतो, तो फक्त चालू करावा लागतो. विंडोजवर लूपमिडी हा कार्यक्रम हे काम करतो, आणि लिनक्सवर अ‍ॅल्सात तशी सोय आहे. संदेश बदलण्यासाठी बोम मिडी ट्रान्सलेटर प्रो विंडोज आणि मॅक या दोन्हींवर चालतो.

इथे तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ कंट्रोलरचे इनपुट बंद करावेत, नाहीतर प्रत्येक संदेश दोनदा पोहोचतो आणि चालू-बंद होणारे बटन दाबल्या दाबल्या पूर्वपदावर येते. बटनांचे दिवे लावायचे असतील तर परतीच्या मार्गासाठी दुसरा आभासी पोर्ट घ्यावा. जाणे आणि येणे एकाच पोर्टवर ठेवले तर संदेश गोल फिरत राहतात आणि संगणक अडकतो. आणि विंडोजच्या जुन्या मिडी व्यवस्थेत यूएसबीच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवरचा पोर्ट एका वेळी एकाच कार्यक्रमाला उघडता येतो, म्हणून आधी भाषांतर करणारा कार्यक्रम सुरू करावा, नंतर संगीताचे सॉफ्टवेअर. मिडी-ऑक्स उघडा राहिला तरी याच कारणाने पोर्ट मिळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या नव्या विंडोज मिडी सर्व्हिसेसमध्ये एक पोर्ट अनेक कार्यक्रमांना एकाच वेळी वापरता येतो.

कंट्रोलरना पाच पिनांचा मिडी आउट असेल तर या साऱ्या खटाटोपाऐवजी अनेक पोर्टचा एक मिडी इंटरफेस घेणे मला अधिक पसंत आहे. संगणकाला तिथे एकच यूएसबी उपकरण दिसते आणि त्याच्या पोर्टचे क्रमांक इंटरफेसच्या मागच्या सॉकेटप्रमाणे कायमचे ठरलेले असतात. ज्या नगाला दिव्यांसाठी किंवा मोटरसाठी परतीचे संदेश हवे असतील त्याच्या मिडी इनलाही केबल द्यावी लागते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

हब आणि वीज

संगणकाच्या यूएसबी २ सॉकेटमधून ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मिळते, पण स्वतःचा वीजपुरवठा नसलेला हब पुढच्या प्रत्येक सॉकेटला १०० मिलिअँपिअरच देऊ शकतो. दिव्यांचे पॅड असलेला एक कंट्रोलर अशा हबवर कसाबसा चालतो. दोन लावले की दिवे मंद होतात किंवा एखादा नग मध्येच गायब होऊन पुन्हा प्रकटतो, आणि परत येताना सॉफ्टवेअरमधली त्याची नोंद तुटलेली असते. अनेकदा हा दोष सेटिंगचा समजून तासन्‌तास शोधला जातो. एकापेक्षा जास्त कंट्रोलर असतील तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हबच घ्यावा, तो संगणकाच्या ठरलेल्या एकाच सॉकेटमध्ये लावावा आणि हबवर कोणत्या सॉकेटमध्ये कोणता नग हेही चिठ्ठीने नोंदवावे. हब वेगळ्या ठिकाणी लावला की त्याच्यावरच्या सर्व नगांचा मार्ग बदलतो.

शेवटची तपासणी

सगळे जुळल्यावर मॉनिटर उघडा ठेवून प्रत्येक नगाचा पहिला आणि शेवटचा फेडर हलवावा आणि चॅनल व पोर्ट लिहून घ्यावेत. नंतर प्रत्येक आउटपुटवर एकेक दिवा लावण्याचा संदेश पाठवून योग्य नगावरचाच दिवा लागतो का ते पाहावे. मग संगणक बंद करून चालू करावा, एकदा झोपवून उठवावा, आणि दोन्ही वेळा तीच तपासणी करावी. झोपेतून उठताना यूएसबीची उपकरणे पुन्हा ओळखली जातात आणि क्रम बदलण्याचा संभव असतो. उघडे असलेले सॉफ्टवेअर उठल्यानंतर पोर्ट विसरले असेल तर ते पुन्हा सुरू करावे.

पुढे कधी एखादा नग बिघडून त्याच नमुन्याचा नवा आणावा लागला, तर तो एकटा जोडून जतन केलेली त्या जागेची फाईल त्यात लिहावी आणि जुन्या नगाच्या केबलला, जुन्याच सॉकेटमध्ये लावावा. चॅनल फाईलमधून येतो आणि मार्ग सॉकेटमुळे तोच राहतो, म्हणून अनुक्रमांक न सांगणाऱ्या कंट्रोलरच्या बाबतीत संगीताच्या सॉफ्टवेअरमधले मॅपिंग जसेच्या तसे चालते. अनुक्रमांक सांगणारा कंट्रोलर असेल तर नव्या नगाचे पोर्ट सॉफ्टवेअरमध्ये एकदा पुन्हा निवडावे लागतात.